चादरीची दोन टोकं

३ फेब्रुवारी, मंगळवार

कामगार चळवळीचा पेपर घेतला! आईला सांगितलं तर म्हणाली, "ते शिकायला फी भरावी लागते होय?" आणि भाजी चिरत राहिली.

वर्गात आम्ही मूठभर. सरांनी आल्या आल्या विचारलं, या विषयातून तुम्हाला काय शिकायचंय? ठिणगीने हात वर केला. ठिणगी म्हणजे आमच्या वर्गातला तो — सदा पेटलेला. त्याचं खरं नाव हजेरीपुरतं उरलंय. तो उभा राहून म्हणाला, "संघर्ष!" सर म्हणाले, "बरं. बसा." मग म्हणाले, कोण जिंकलं आणि कोण हरलं ते पुस्तकात सापडतं. माणसं एकत्र कशी राहिली, कशापायी तुटली, आणि तुटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच जागी शेजारी-शेजारी उभं राहून काम कसं केलं, ते बघा.

प्रत्येकाने एक संप निवडायचा. त्यातल्या माणसांना भेटायचं आणि लिहायचं. बाकीचे लगेच फोन काढून शोधायला लागले. मला शोधावं लागणार नाही. आमच्या घरातच एक पडून आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

आधी जे मला माहीत आहे ते लिहून ठेवते. नाहीतर आईने सांगितलेलं आणि माझं एकात एक मिसळून जाईल.

आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात घडीच्या टेबलावर असते. तिची जोडीदार शिडीमावशी. एवढी उंच की पंख्याची जाळी ती स्टुलाशिवाय पुसते! आणि आई माझ्या खांद्याला लागते. मोठी चादर एकटीने घडी होत नाही, दोघी लागतात. दोन टोकांना उभं राहायचं, झटकायची, लांबीत दुमडायची, मग चादर ताणून धरून एकमेकींकडे चालत यायचं. आपली टोकं समोरचीच्या हातात द्यायची, खाली लोंबणारी घडी उचलायची, मागे सरकायचं, पुन्हा चालत यायचं. दिवसभर हेच. दिवसभर दोघी एकमेकींकडे चालत येतात, बोटांना बोटं लागतात — आणि माझ्या जन्माच्या आधीपासून एकमेकींशी एक अक्षर बोललेल्या नाहीत.

लहानपणी शाळा सुटली की मी तिथेच असायचे, धुतलेल्या उशीच्या अभ्र्यांच्या ढिगावर. शिडीमावशी मला म्हणायची, "तुझ्या आईला सांग, ही गाडी ओलीच आलीय." आई समोर उभी! मी मान वळवून आईला सांगायचे. आई म्हणायची, "त्यांना सांग, मला डोळे आहेत." मी पुन्हा मान वळवायचे. मला तो खेळ वाटायचा. दोघींचं तोंड मीच होते आणि मला त्याचा भारी तोरा होता. मी कॉलेजात गेल्यापासून त्या खुणांवर भागवतात.

हा अबोला संपातला आहे, एवढंच मला ठाऊक. शिडीमावशी तेव्हा आत कामाला गेली होती आणि आई बाहेर होती.

७ फेब्रुवारी, शनिवार

आईला बसवलं एकदाचं. फोन रेकॉर्डिंगला लावला तर म्हणाली, "ते बंद कर, मी काय गाणं म्हणतेय?" बंद केला.

संप हातमोज्यांसाठी होता. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल! आई म्हणाली, गरम पाणी आणि ते कपडे धुवायचं औषध, दोन्हींत हात घालून घालून कातडं सोलून निघायचं. घरी आल्यावर पीठ मळता यायचं नाही. हातमोजे मागितले तर साहेब म्हणाले, हातमोजे घातले की पकड सुटते. सगळ्या बाहेर बसल्या.

फाटकापाशी सभा झाली आणि ठराव झाला. आईला तो तोंडपाठ आहे. पाढा म्हणावा तसा म्हणून दाखवला: "संप चालू असताना जी आत जाईल, तिच्याशी आपल्यातलं कुणीही बोलणार नाही. कारण काहीही असो." सगळ्यांचे हात वर.

आणि मग शिडीमावशी आत गेली. एकच दिवस. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बाहेर बसली, पण बाजूला, एकटी. संप मिटला. हातमोजे मिळाले.

"तिलाही?"

"म्हणजे काय. तिचे हात काय लोखंडाचे होते?"

मग साहेबांनी मुद्दाम या दोघींची जोडी लावली. बोलत नाहीत म्हणजे काम जास्त होईल! झालंही. साहेब गेले, त्यांच्यानंतरचेही गेले, जोडी तशीच. बाकीच्या हळूहळू शिडीमावशीशी बोलायला लागल्या, कुणी नोकरी सोडल्यावर, कुणी बाजारात गाठ पडल्यावर. राहिली ती आई.

मी म्हटलं, आई, हातमोज्यांसाठी एवढं? एका दिवसासाठी? तू बोलत का नाहीस?

"माझ्या हातात नाही ते," म्हणाली आणि उठली.

मला राग आला. हातात नाही म्हणजे काय? तोंडात आहे ना! आयुष्यभर अढी धरून बसायची आणि वर नाव ठरावाचं पुढे करायचं. हे मी तिला बोलले नाही. इथे लिहिते.

९ फेब्रुवारी, सोमवार

वर्गात सांगितलं सगळं. ठिणगी ताडकन म्हणाला, "फितूर! फितुराला क्षमा नाही!" मागून कुणीतरी म्हणालं, तू परवा कॅन्टीनच्या बहिष्कारात गुपचूप वडापाव — नाही, सँडविच होतं ते — खाल्लंस ना रे? खूप हसलो. ठिणगी विझला जरा वेळ.

सरांनी मला विचारलं, "त्या बाई आत का गेल्या?"

"माहीत नाही."

"विचारलंत?"

"ठरावातच आहे ना सर, कारण काहीही असो."

"तो ठराव तुम्हाला लागू आहे का?"

मी वही उघडली. मग ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले, सभेला कोण होतं हे सगळेच लिहितात. कोण नव्हतं तेही विचारत चला.

वहीत लिहून घेतलं. छान वाक्य आहे. निबंधात टाकीन.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आई आज जेवताना अचानक म्हणाली, "महिनाअखेर ती निवृत्त होतेय." ती म्हणजे शिडीमावशी. आई तिचं नाव कधीच घेत नाही.

धुलाईघराच्या फळ्यावर नोटीसही लागलीय. एक तारखेला घडीचं मशीन येतंय, त्यामुळे टेबलावरच्या हंगामी पोरींना महिनाअखेरीपासून कामावर यायचं नाही. पोरी बिचाऱ्या रडवेल्या झाल्यात. आई म्हणाली, मशीनला काही माझी हरकत नाही, माझी पाठ दुखते. पण पोरींना दुसरं काम द्या ना, शिलाई आहे, इस्त्री आहे.

मग पुन्हा, ताट उचलताना — "महिनाअखेर."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कांदा नव्हता चिरलेला. अढी धरणारं माणूस असं रडत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सुचलं! वर्गात, भलत्याच तासाला. ठराव सभेने केला ना? मग सभेनेच मागे घ्यावा! आईला वाटत असेल बोलावंसं, पण दिलेला शब्द मोडायचा नाही तिला. तर सभा भरवू.

घरी येऊन सांगितलं. वाटलं होतं झिडकारील. पण हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. म्हणाली, "तेव्हाचे उरलेत किती?"

बघूया की. बॉयलरवाले काका आहेत. बटणवाली आजी आहे, कोटांना बटणं लावायची ती, आता ऐकू कमी येतं पण हात वर करायला कान कशाला हवेत? इस्त्रीवाले काका लेकाकडे राहतात, बसने येतील.

"बाकीचे?"

"बाकीचे गेले," आईच म्हणाली.

१५ फेब्रुवारी, रविवार

आमच्या पुढच्या खोलीत सभा. खरीखुरी! इस्त्रीवाले काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. बॉयलरकाका खुर्चीत बसायला तयार होईनात, म्हणे सभेत आम्ही खाली बसायचो. खाली बसले आणि मग उठता येईना, ते वेगळंच.

मी चहा केला आणि दारात उभी राहिले. आधी अर्धा तास तब्येती. मग कुणाच्या सुनेचं. मग आई उभी राहिली, पदर सारखा केला, आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, "संपातला बोलण्याबद्दलचा ठराव मागे घ्यावा असं मी सुचवते." माझी आई! दूधवाल्याशीही हळू बोलते ती.

बॉयलरकाका म्हणाले, आता कशाला, मी तर तिच्याशी बोलतो की. आई म्हणाली, "तुम्ही बोलता. मी नाही बोलत." मग इस्त्रीवाल्या काकांनी हात वर केला. मग बॉयलरकाकांनी. बटणवाल्या आजीने दोन्ही केले, म्हणाली एक माझ्या बहिणीचा धरा, ती असती तर तिने केलाच असता. आईचा सगळ्यांत शेवटी.

ठराव मागे!

मला एवढा आनंद झाला की कप विसळताना एक फोडला. आई ओरडलीसुद्धा नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आई आली ती सरळ आत गेली. मी मागोमाग. बोललीस? काय म्हणाली?

आई म्हणाली, पहिलीच चादर हातात घेतल्यावर सांगितलं मी, "सभा झाली. ठराव मागे घेतला. आता बोलायला हरकत नाही."

"मग?"

"मग काही नाही. तिने चादर झटकली."

दिवसभर? दिवसभर. एक शब्द नाही. हंगामी पोरी बघत होत्या सगळ्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आई जेवली नाही. म्हणते डोकं दुखतंय. हे मीच करून ठेवलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सरळ धुलाईघराच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले. शिडीमावशी आली. मी तावातावाने ठरवून गेले होते काय बोलायचं ते. पण तिने नेहमीसारखं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिला अजूनही वाकावं लागतं. आणि मी रडले. स्टॉपवर! लोकांसमोर!

"आईने एवढं केलं तुमच्यासाठी. सगळ्यांना गोळा केलं. आणि तुम्ही तोंड उघडलं नाहीत!"

ती म्हणाली, "मला सभेची सूचना होती का?"

मला आधी कळेना. म्हटलं, तुम्हाला कशी असेल, तुमच्याबद्दलच तर होती.

"ठराव कुणी मांडला होता, हे विचारलंस आईला?"

नव्हतं विचारलं.

"मी मांडला होता गं. शब्द न् शब्द माझा. ते 'कारण काहीही असो' सगळ्यांना नको होतं. कुणाच्या घरी आजारपण असलं तर, कुणाचं लहान मूल असलं तर, असं म्हणत होत्या. मीच म्हटलं, एकदा कारणं ऐकायला लागलो की संप राहत नाही. मीच भांडून घालायला लावलं."

बस आली. ती चढली नाही.

मग सांगितलं. तिची धाकटी बहीण बाळंतपणाला त्याच हॉस्पिटलात होती. ही संध्याकाळी भेटायला गेली तर बहीण नुसत्या गादीवर, रक्ताने भिजलेल्या. चादरीच नव्हत्या. सगळा वॉर्ड तसाच. चादरी धुणाऱ्या फाटकाबाहेर बसलेल्या ना! दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत गेली, त्या वॉर्डाच्या चादरी धुतल्या, वाळवल्या, एकटीने कशातरी दुमडल्या आणि बाहेर आली.

"तुम्ही सांगितलं का नाहीत कुणाला?"

"काय सांगायचं? कारण?" हसली ती. "आत गेले त्याचं मला वाईट वाटत नाही, आजही नाही. पण ठराव माझा होता. माझ्यासाठी कसा सोडू? तुझी आई पहिल्या आठवड्यातच बोलायला आली होती माझ्याशी. मीच तोंड फिरवलं. बाकीच्यांनी आपापला शब्द सोडला, पण तुझ्या आईला माझ्यापायी तो मोडू द्यायचा नव्हता मला. नंतरही आली. तुझ्या वेळी दिवस गेले तेव्हा सांगायला आली. तेव्हा फार जड गेलं मला."

म्हणजे इतकी वर्षं अबोला आईचा नव्हता. तो हिने स्वतःवर लादलेला होता, आणि आई चादरीचं दुसरं टोक धरून उभी होती.

"आणि ती सभा," पुढच्या बसला हात करत शिडीमावशी म्हणाली, "मांडणारीला न बोलावता ठराव मागे घेता होय? असली सभा मी चालूच दिली नसती."

बसमधूनही पुटपुटत होती बहुतेक.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आईला विचारलं, तुला माहीत होतं ना ठराव कुणाचा ते?

"माहीत नसायला काय झालं? अनुमोदन माझं होतं."

अगं मग तिला बोलावलं का नाहीस!

आईने कपाळावर हात मारला. म्हणाली, अगं, ती सभेला बाजूला बसते ना. आत गेल्यापासून बाजूलाच बसते. त्यामुळे तिला बोलवायचं असतं हेच डोक्यात आलं नाही आमच्या. कुणाच्याच.

माझ्याही नाही आलं. सरांचं ते वाक्य वहीत ठसठशीत लिहून, खाली रेघ मारून ठेवलंय मी! सभेला कोण नव्हतं? ती नव्हती. यादी मीच केली होती.

तुला जोडी बदलून मागता आली असती ना, मी आईला विचारलं. आई म्हणाली, "दोन-तीनदा देत होते बदलून. एकदा ती आजारी होती महिनाभर, तर दुसरी दिली मला. मी उशीचे अभ्रे मागून घेतले. ते एकटीला जमतात."

आज पहिल्यांदा हसली चार दिवसांत. म्हणाली, ती चालू देत नव्हतीच कुठलीही सभा सूचनेशिवाय, फार खट बाई.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारच्या सुट्टीत सभा, घडीच्या टेबलापाशी. सूचना काल बॉयलरकाकांनी शिडीमावशीच्या घरी जाऊन दिली, तोंडी, तिच्या मुलासमोर, म्हणजे पुन्हा तक्रार नको. तिघे म्हातारे आले. हंगामी पोरी डबे घेऊन टेबलावर चढून बसल्या.

शिडीमावशी नेहमीप्रमाणे बाजूला भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. बटणवाली आजी ओरडली, "ए शिडी, इथे ये मधे, मला तिकडचं ऐकू येत नाही!" ती आली.

म्हणाली, "मी मांडलेला ठराव मी मागे घेते."

इस्त्रीवाल्या काकांनी विचारलं, अनुमोदन? आईने हात वर केला. बोलली नाही, नुसता हात. मग सगळ्यांचे. पोरींचेही, त्यांना कुणी विचारलं नव्हतं तरी. माझाही जात होता, बॉयलरकाकांनी डोळे वटारले तेव्हा खाली घेतला.

झालं. आता बोलतील! सगळे दोघींकडे बघत होते. आणि दोघी जमिनीकडे. घंटा झाली. आईने चादर उचलली, शिडीमावशीने दुसरं टोक धरलं. झटकली, दुमडली, चालत आल्या.

एक शब्द नाही!

पोरी निराश. मी तर फारच. ठिणगीला फोनवर सांगितलं तर तो चक्क हळू आवाजात म्हणाला, "एवढ्या दिवसांनी सुरुवात तरी कशी करायची गं माणसाने?" ठिणगीतही माणूस आहे म्हणायचा.

२२ फेब्रुवारी, रविवार

निबंध उद्या द्यायचाय. शेवट सुचत नाही. आई खिडकीत बसून कसलासा विचार करतेय. मधेच मला म्हणाली, मशीन यायच्या आत घड्या थांबल्या तर काय होईल गं? मी म्हटलं, ढीग लागतील. "हं," म्हणाली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

घडी बंद!

सकाळी काम सुरू व्हायच्या आधी शिडीमावशी टेबलापाशी उभी राहिली. मी आईचा विसरलेला डबा द्यायला गेले होते म्हणून पाहायला मिळालं. म्हणाली, नवा ठराव आहे. पोरींना दुसरं काम मिळेपर्यंत धुवायचं सगळं, वाळवायचं सगळं, वॉर्डात एकही गादी उघडी राहता कामा नये. पण घडी कशाचीच करायची नाही. बॉयलरकाकांनी परवाच बजावलंय तिला, शेवटचा आठवडा आहे, आता काही केलंस तर निवृत्तीचं सगळं अडकवून ठेवतील. तिने मान हलवली होती. ऐकलं असं मला वाटलं होतं.

"अनुमोदन?"

"माझं," आई म्हणाली. मग सरळ तिच्याकडे बघून, "पण ते 'कारण काहीही असो' घालू नकोस हं या वेळी."

"नाही घालत," शिडीमावशी म्हणाली.

कॉरिडॉरभर स्वच्छ चादरींचे डोंगर लागलेत. साहेब दोनदा येऊन गेले. दोघी रिकाम्या टेबलावर पाय सोडून बसल्यात आणि सकाळपासून बोलतायत, एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू. मी तास बुडवून संध्याकाळपर्यंत अभ्र्यांच्या ढिगावर बसून होते. मला कुणीच काही सांगायला सांगितलं नाही.